मशीन अठराचं, फळी सव्वीसची

सुतारकामाच्या शंका : वाचकांची पत्रं आणि एका पॅटर्नमेकरची उत्तरं

प्रश्न : नमस्कार मेस्त्रीकाका. आमचं घर दिवेआगरला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात परसातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. त्याच दिवाळीत त्याच्या फळ्या पाडून घेतल्या आणि मांगरात, मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवल्या. त्यातली सगळ्यात रुंद फळी आता झोपाळ्यासाठी काढली आहे. लांबी ७ फूट, रुंदी २६ इंच, जाडी अडीच इंच. सॉ मिलवाल्यांकडे रंध्याचं मशीन आहे, पण त्यात १८ इंचांपेक्षा रुंद फळी जात नाही. गावातल्या सुतारांनी हातातलं इलेक्ट्रिक मशीन फिरवून पाहिलं, तर फळीवर लांबलांब पायऱ्या पडल्या. जमिनीवर ठेवली की एक कोपरा ५ सूत (८ सूत म्हणजे एक इंच) वर राहतो. सुतार म्हणतात, मधून चिरू, दोन्ही तुकडे मशीनमधून काढू आणि परत चिकटवू. सासरे म्हणतात, या झाडाचे गरे चार पिढ्यांनी खाल्ले, फळी चिरायची नाही. एवढं रुंद मशीन कुठे मिळेल? मुंबईला न्यावी लागेल का?
– एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : ताई, मशीनचा शोध आधी थांबवा. २६ काय, ३६ इंची मशीन सापडलं तरी तुमची फळी त्यातून सरळ होऊन यायची नाही. सॉ मिलमधलं ते मशीन फळीची जाडी सारखी करतं. फळी सरळ करणं त्याचं कामच नाही. खालून जशी वाकडी आहे तशी ती मशीनच्या पलंगावरून, म्हणजे फळी टेकते त्या सपाट बैठकीवरून, डुलत पुढे जाते, पातं खालच्या बाजूची नक्कल वर काढतं, आणि पलीकडून बाहेर येते ती गुळगुळीत, सारख्या जाडीची, पण कोपरा उचललेलीच फळी. पातळ फळी असेल तर रोलर तिला तेवढ्यापुरतं दाबून धरतात, सुटली की ती पुन्हा उठते. तेव्हा तुमची अडचण रुंदीची नाही, पिळाची आहे. पीळ काढायला एक बाजू आधी दुसऱ्या कशाने तरी सपाट करावी लागते. ती एकदा झाली की झोपाळ्यापुरतं तरी त्या मशीनशी तुमचं काम उरत नाही.

कारण झोपाळ्याच्या फळीला दोन्ही बाजू सपाट लागतात कुठे? बसायचं वरच्या बाजूवर. खाली दोन आडव्या पट्ट्या आणि कड्यांचे चार बोल्ट जिथे बसतील तेवढ्याच जागा नीट हव्यात. जुन्या घरातलं एखादं रुंद काम, पाट म्हणा, पेटीचं झाकण म्हणा, उलटं करून बघा. वरून हात फिरवला तर कुठे अडत नाही, आणि खाली वाकसाचे, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीचे, घाव जसेच्या तसे. ते सुतार आळशी नव्हते. जिथे हात आणि डोळा जात नाही तिथे घाम गाळायचा नाही, असा त्यांचा हिशेब होता. तोच तुम्ही धरा. निम्मं काम इथेच कमी झालं.

आता सांगा, झोपाळा ७ फुटांचाच हवा आहे का? साडेपाच फूट पुरत असेल तर रंध्याला हात लावायच्या आधी लांबी कापा. वाळताना टोकांना पडलेल्या चिरा तशाही काढायच्याच आहेत. पीळ लांबीबरोबर वाढतो. ७ फुटांत ५ सूत असेल तर साडेपाच फुटांत साधारण ४ सूत राहील. करवतीच्या दोन कापांत एक सूत पीळ गेला, तोही घाम न गाळता. पूर्ण फळी आधी रंधून मग तुकडे करणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांच्याकडे वेळ फार असावा.

कापलेल्या टोकाकडे नीट बघा. झाडाचा गाभा, म्हणजे अगदी मध्यातला तो मऊ ठिपका, फळीच्या जाडीत आला आहे का? ओंडक्यातली सगळ्यात रुंद फळी बहुतेक मधलीच असते, म्हणून विचारतो. गाभा आत असेल तर तुमच्या सुतारांचं म्हणणं खरं धरा. गाभ्याच्या दोन्ही बाजूंचं लाकूड आपापल्या दिशेने आकसतं आणि तिथेच फळी फाटते. अशा वेळी गाभ्याची दीड-दोन इंचांची पट्टी काढून टाकावी, उरलेले दोन्ही भाग सरळ करून परत जोडावेत. जोड मधोमध येतो, लाकडाची रेषा फारशी तुटलेली दिसत नाही. सासऱ्यांना टोकावरचा तो ठिपका दाखवा, त्यांना पटेल. गाभा नसेल, किंवा इतक्या वर्षांत तिथे केसाएवढी चीर पडून थांबली असेल, तर मात्र सासऱ्यांचं ऐका. तेवढ्या चिरेवर खालून डमरूच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे बसवले की ती पुढे जात नाही.

ओलीचं थोडक्यात सांगतो. इंचाला एक वर्ष हा वखारीतला ढोबळ हिशेब. तुमच्या अडीच इंचांना पाच पावसाळे पुरेसे झाले. पण काम माघ ते वैशाखात करा. श्रावणात कोकणातलं कुठलंही लाकूड हवेतली ओल पिऊन बसलेलं असतं. तेव्हा सपाट केलेली फळी होळीपर्यंत तशीच राहील याची खात्री कुणी देऊ नये.

मी आयुष्यभर कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने. पॅटर्नमधला पीळ थेट ओतलेल्या बिडात उतरतो, म्हणून ‘डोळ्याला तर सरळ दिसतंय’ हे आमच्याकडे चालत नसे. तिथली पद्धत सांगतो, ती झोपाळ्यालाही चालते.

फळी मजबूत बाकावर ठेवा, बसायची बाजू वर. ती दोन कोपऱ्यांवर डुलेल. एक कोपरा टेकवून बघितलात तर समोरचा ४ सूत उचललेला दिसेल. आता ते चार सूत एकाच कोपऱ्याच्या माथी मारू नका. उचलणाऱ्या दोन्ही कोपऱ्यांखाली दोन-दोन सुतांची पाचर सारा. एवढं केलं की वरून जास्तीत जास्त दोन सूत लाकूड काढावं लागतं, एरवी चार गेलं असतं. पाचरी बसल्या की फळी जराही हलता कामा नये. मध्ये पोकळ असेल तर तिथेही आधार द्या, नाहीतर रंध्याच्या दाबाने ती खाली जाते आणि हात काढला की वर येते.

मग दोन सरळ पट्ट्या घ्या. ॲल्युमिनियमच्या पार्टिशनवाल्यांकडे चौकोनी पाइपचे तुकडे मिळतात, अडीच-अडीच फुटांचे दोन पुरेत. एक या टोकाला आडवी, एक त्या टोकाला. लांबच्या पट्टीच्या वरच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावा. खाली वाकून जवळच्या पट्टीच्या कडेवरून लांबची पट्टी बघा. पांढरी रेघ एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसली की फळीत तेवढा पीळ आहे. दोन पट्ट्या अडीच फुटांच्या असल्यामुळे फळीच्या कडेवरचा फरक जरा वाढवून दिसतो, आणि तेच हवं असतं. ज्या दोन कोपऱ्यांवर लाकूड जास्त आहे तिथे खडूने रेघोट्या मारा. पहिलं काम फक्त त्या दोन कोपऱ्यांवर. बाकी फळीला हातही लावायचा नाही.

कोपऱ्यांवरचं जाड लाकूड काढायला वाकस उत्तम, पण वाकस चालवणारा हात आता गावोगाव मिळत नाही. नसेल तर साधा रंधा घ्या, मात्र त्याचं पातं वेगळं पाजवा. धार सरळ ठेवायची नाही. दोन इंची पात्याच्या दोन्ही कडा मध्यापेक्षा मिलिमीटरभर मागे जातील अशी फुगीर धार काढा. तुमच्या फळीवर पडलेल्या पायऱ्यांचं कारण इथेच आहे. हातातल्या इलेक्ट्रिक मशीनचं पातं ८२ मिलिमीटर रुंद आणि अगदी सरळ. फळी त्याच्या आठपट रुंद. प्रत्येक फेरीत पात्याचा कोपरा लाकडात उतरतो आणि एक पायरी सोडतो. सुतारांचा हात वाईट नव्हता, त्या पात्याला रुंद फळीवर दुसरं काही करता येत नाही. फुगीर पात्याला कोपराच नाही, त्यामुळे उथळ पन्हळी पडते, पायरी पडत नाही.

आणि रंधा रेषेच्या दिशेने चालवू नका. आडवा, किंवा तिरका पंचेचाळीस अंशांत. आडवं लाकूड पटकन सुटतं, मोठे पापुद्रे निघतात. समोरच्या कडेला ढलपी उडते, म्हणून आधी त्या कडेला तासून दीड-दोन सुतांचा उतार द्या. आधी एका तिरक्या दिशेने सगळी फळी, मग उलट्या तिरक्या दिशेने. मधूनमधून सरळ पट्टी घ्यायची, तिच्या कडेला कपड्यांची नीळ किंवा गेरू चोळायचा, फळीवर टेकवून थोडी सरकवायची. जिथे रंग लागला तिथे उंचवटा. पुढच्या फेरीला फक्त तेच ठिपके. सपाटी तपासायच्या बिडाच्या सरफेस प्लेटवर आम्ही हेच करत होतो, रंग तेवढा वेगळा. पन्हळी सगळीकडे सारख्या झाल्या की सरळ धारेचा लांब रंधा रेषेच्या दिशेने फिरवून त्या काढून टाका.

इथे फणस तुम्हाला छळणार. फणसाची रेषा बऱ्याचदा एकात एक गुंतलेली असते. एक पट्टा सुलट, त्याला लागून दुसरा उलट. डावीकडून रंधलं तर एक पट्टा चकचकीत निघतो आणि शेजारचा उचकटतो. उजवीकडून आलात तर पहिला उचकटतो. दिशा बदलत बसण्यात अर्थ नाही. पातं नुकतंच पाजवलेलं असू द्या, त्याच्या पाठीवर बसणारा दुसरा पत्रा धारेपासून अर्ध्या मिलिमीटरवर आणा, पापुद्रा पारदर्शक निघेल इतपतच पातं बाहेर ठेवा. तरीही जिथे उचकटेल तिथे रंधा ठेवून द्या आणि जुन्या करवतीच्या पात्यातून कापलेल्या पत्र्याने खरवडा. काचेच्या तुकड्यानेही जुने लोक करत, पण बोटं कापतात, पत्राच बरा.

हे सगळं वाचून घाम फुटला असेल तर मशीनचे मार्गही सांगतो, आणि त्यातला पहिला मी स्वतः निवडेन. संगणकावर चालणाऱ्या मशीनने दरवाजांवर नक्षी कोरून देणारे सीएनसीवाले आता तालुक्यांच्या गावीही दुकानं टाकून बसलेत. त्यांच्या नेहमीच्या मशीनचा पलंग १३०० बाय २५०० मिलिमीटर असतो, कारण प्लायवूडचा ८ बाय ४ चा ताव त्यावर बसवायचा असतो. तुमची फळी न कापताही त्यावर मावते. ते नक्षी कोरतात त्याच डोक्याला रुंद, सपाट तळाचं बिट लावून सगळी फळी एका पातळीत आणून देता येते. त्यांना दोन गोष्टी निक्षून सांगा. एक, फळी पलंगाला आवळून सपाट करायची नाही. पाचरी लावून ती जशी आहे तशी, न दाबता बसवायची, कारण आवळून कापली तर शिकंजे सुटताच पीळ परत. दोन, एका फेरीत दीड-दोन मिलिमीटरच. नक्षीवाल्यांना एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या तावांची, सवय असते, त्यात ते खोल घुसतात.

सीएनसी जवळपास नसेल आणि तुमच्या सुतारांकडे राउटर, म्हणजे फिरत्या बिटाने लाकूड कोरणारं हातातलं मशीन, असेल तर त्याच्यासाठी गाडी करता येते. फळीच्या दोन्ही अंगांना दोन सरळ रूळ, त्यावर आडवी सरकणारी प्लायची पेटी, पेटीच्या तळाला लांब खाच, त्या खाचेतून राउटरचं बिट खाली. पेटीच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा सेक्शन किंवा उभी पट्टी ठोका, नाहीतर राउटरच्या वजनाने ती मध्ये झोल खाते आणि फळी मधोमध खोल कापली जाते. दोन रूळ एका पातळीत आहेत का हे बघायला लेव्हलच्या बुडबुड्यावर विसंबू नका. रुळांच्या चार टोकांवरून दोन दोऱ्या कर्णांत ताणून बांधा. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. मग खालची दोरी वर, वरची खाली घेऊन पुन्हा बघा. दोन्ही वेळा शिवल्या तर रूळ बरोबर.

पण हिशेब करून मगच उतरा. दीड इंची बिट, प्रत्येक फेरीला इंचभर सरकवायचं, साडेपाच फुटांची फळी, म्हणजे एका थराला ६६ आडव्या फेऱ्या. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटरच्या वर. दीड-दीडने उतरलात तर चार-पाच थर, म्हणजे तीनशेच्या आसपास फेऱ्या, तेही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात आणि भुशाच्या ढगात. म्हणून आधी त्या दोन उंच कोपऱ्यांवर रंधा मारून घ्या, वरचे दोन-तीन थर नुसत्या कोपऱ्यांवरचेच असतात, ते वाचतील. बिट मोठं असल्यामुळे राउटरचा वेग कमी ठेवा. मास्क लावाच. लाकडाची धूळ ही नाकाच्या कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक संशोधनसंस्थांनी केव्हाच मान्य केलं आहे. बिट फिरल्यावर फळीवर शेतातल्या तासांसारख्या रेघा राहतात. त्या पत्र्याने किंवा बेल्ट सँडरने निघतात.

तिसरा मार्ग फ्लश डोअरच्या कारखान्यातला रुंद सँडर. चार फुटी ताव घासणारं ते यंत्र तुमची फळी सहज गिळेल. पण तेही रोलरवालंच आहे, पीळ काढणार नाही. एक बाजू सपाट झाल्यावर दुसरी बाजूही चकाचक हवीच असेल तरच तिकडे जा. झोपाळ्यासाठी मला ती हौस वाटते.

खालची बाजू सोडून द्यायची म्हणजे मळकट, राखाडी ठेवायची असं नाही. वरवर एकदा रंधा मारून जुनी साल काढा, आणि तेल किंवा पॉलिश जे काही वर लावाल तेच खालीही तितकंच लावा. एकच बाजू बंद केली तर ओल दुसऱ्या बाजूने येते-जाते आणि फळी पुन्हा वाकते. मी अशा कामाला बेलतेलाचे, म्हणजे जवसाच्या तेलाचे, पातळ हात देतो. हात दिला, वीस मिनिटांनी जादाचं पुसून काढलं, दोन दिवस वाळवलं, पुन्हा. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. फणस आज पिवळाजर्द दिसेल, उजेडात राहिला की काही वर्षांत मधासारखा तपकिरी होईल, तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून रंग मारू नका.

शेवटी त्या आडव्या पट्ट्या. ओतीव बीड थंड होताना फुटाला सूतभर आकसतं, पण एकदाच. लाकूड दर पावसाळ्यात फुगतं आणि दर उन्हाळ्यात आकसतं. सपाट चिरलेल्या सागवानाची दोन फुटी फळी कोकणातल्या एका वर्षात ५ मिलिमीटरपर्यंत कमी-जास्त होऊ शकते. फणसाचंही तुम्ही तेवढंच धरून चाला. पट्टीला मधला एक स्क्रू पक्का. बाकीची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, स्क्रूच्या डोक्याखाली वायसर टाका. पट्ट्या फेविकॉलने चिकटवल्यात तर इतके कष्ट करून न चिरलेली फळी वैशाखात आपोआप चिरेल. कड्यांच्या बोल्टची भोकंही सूतभर मोठी घ्या आणि कडेपासून तीन इंच आत.

प्रश्न : मी पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत हौस म्हणून सुतारकाम करतो. १२ इंची रंधा मशीन घेतलं आहे. सागवानाचं ३६ इंच रुंद जेवणाचं टेबल करायचं आहे. फळ्या चिकटवल्यावर एवढं रुंद पॅनल कशात घालू? मोठं मशीन घ्यावं का?
– एक हौशी, पुणे

उत्तर : घेऊ नका. बाल्कनी तुमची, पण खालच्या मजल्यावर माणसं राहतात. ३६ इंचांचं पॅनल एका दमात चिकटवायचंच नाही. साडेअकरा इंचांची तीन पॅनलं करा. प्रत्येक पॅनल वाळल्यावर मशीनमधून काढा, तिघांची जाडी एकाच सेटिंगवर, एकामागोमाग. मग शेवटचे दोन जोड लावा. आता सगळ्या टेबलावर फक्त दोन जोडांच्या रेघा खरवडायच्या राहतात. टेबल साडेचौतीस इंचांचं होईल. जेवायला येणारा कुणी टेप घेऊन येत नाही.

मशीनमध्ये घालायच्या आधी प्रत्येक फळीची एक बाजू सपाट लागेल. ती कशी करायची ते वर दिवेआगरच्या ताईंना सांगितलंच आहे. हाताने करायचं नसेल तर एक सरळ प्लायचा तुकडा घ्या, फळी त्यावर ठेवा, जिथे डुलते तिथे खाली पाचरी लावून गरम गोंदाने पक्क्या करा, आणि प्लायसकट मशीनमधून काढा. वरची बाजू सपाट झाली की फळी उलटवून प्लायशिवाय. फळ्यांची लांबी पाच-सहा इंच जास्त ठेवा. छोट्या मशीनमध्ये सुरुवातीच्या आणि शेवटच्या दोन-अडीच इंचांत पातं किंचित खोल जातं, तेवढा भाग कापून टाकायचा.

कडांबद्दल एक. जोडायच्या दोन फळ्या वहीसारख्या मिटवून, दोन्ही कडा एकत्र वर घेऊन शिकंज्यात धरा आणि एकदमच रंधा मारा. रंधा थोडा कलला तरी उघडल्यावर एकीचा कल दुसरीत बसतो आणि पॅनल सपाट येतं.

प्रश्न : वाईजवळचा आमचा जुना वाडा उतरवला. त्यातला सागवानी दरवाजा मला मिळाला. फळी एकसंध, २२ इंच रुंद, हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. मशीनवाला ‘जुनं लाकूड घेत नाही’ म्हणून परत पाठवतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या दरवाजात मोडलेल्या खिळ्यांची डोकी रंगाखाली दडलेली असतात. एक खिळा लागला की पात्यांचा संच गेला, आणि तुकडा उडाला तर डोळाही. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून अगदी जवळून, हळूहळू फिरवा. जिथे दोरी ओढ खाईल तिथे खडूने खूण. पकडीने निघतील ते खिळे काढा, बाकीचे आरपार ठोका.

त्याआधी रंग. तो कोरडा घासू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि तुमचा हिरवा रंग त्याच्या फार आधीचा. रंग काढायचं पातळ रसायन मिळतं, ते लावून रंग ओला असतानाच खरवडा, खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि गोळा करून बांधून टाका. आग दाखवून रंग फुलवायची पद्धत आहे, ती वापरू नका, धूर छातीत जातो.

रंग निघाल्यावर आत काय दिसतं ते बघा, आणि मगच मशीनचा विचार करा. इतकी वर्षं वाळलेल्या सागात आता नवा पीळ यायचा नाही. बहुधा सपाटच असेल. वाकसाच्या खुणा दिसल्या तर माझ्या मते त्या राहू द्याव्यात. कुणी पैसे देऊन यंत्राने तशा खुणा पाडून घेतो, तुम्हाला त्या फुकट मिळाल्या आहेत. काही जोडायचं असेल तर सागाची कड थिनरने पुसून लगेच गोंद लावा. साग तेलकट असतो, दुसऱ्या दिवशी तेल परत वर येतं.

प्रश्न : लोखंडी रंधा रुंद फळीवर जड चालतो. तळाला काय लावावं? मित्र सिलिकॉनचा स्प्रे सुचवतो.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : मेणबत्ती. तळावर दोन नागमोडी रेघा ओढा, पंधरा-वीस हात मारले की परत. सिलिकॉन रंध्याला हलकं करेल, पण ते लाकडात उतरतं आणि नंतर पॉलिश त्या जागी माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे धरतं. मग सगळी फळी पुन्हा खरवडायची, तीही तुम्हीच.